वरची रेघ

कात्रीकाकांच्या संगणकावर दोन जावा नांदत होत्या. थोरली म्हणजे आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि धाकटी म्हणजे त्याचीच नवी. नाव दोघींचं एकच आणि दुर्दैवाने कपाटही एकच. कपाट म्हणजे ते फोल्डर, ज्यात आवाज किती ठेवायचा, चित्र केवढं दाखवायचं, काय गाळायचं अशा सगळ्या आवडीनिवडी साठवलेल्या असतात. थोरली उघडली की ती त्या कपाटात हात घालायची, धाकटी उघडली की तीही. मागून येणारी आधीचीचं सगळं उचकटून स्वतःचं मांडायची. बरं, भांडणाचा आवाज कधी नाही. सगळं अगदी गुपचूप.

"दोन्ही एका मशीनवर नीट चालायच्या नाहीत," संगणकवाल्याने धाकटी बसवतानाच हात झटकले होते. "जुनी काढून टाका, काका."

"काढतो की," काका म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली.

काकांनी त्यावर स्वतःचा तोडगा काढला होता. एकाऐवजी दोन कपाटं करायची, एक थोरलीचं, एक धाकटीचं. जिला उघडायचं तिच्या कपाटाला आधी ते समाईक नाव द्यायचं, दुसरीचं कपाट वेगळ्या नावाने बाजूला ठेवायचं, मग कामाला लागायचं. स्क्रीनच्या कडेला चिठ्ठी चिकटवलेली होती: एक, धाकटी बंद. दोन, कपाटांची नावं बदल. तीन, थोरली उघड. दिवसातून चार-पाच वेळा हा सोपस्कार चाले. बघणाऱ्याला वाटे, म्हातारा फारच काटेकोर आहे.

ऑफिस अंध मुलांसाठी बोलकी पुस्तकं करायचं. तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोलीत निवेदिका पाठ्यपुस्तक वाचायची आणि बाहेर काका तिच्या चुका, खोकले, पानांची सळसळ कापून पुस्तक स्वच्छ करायचे. एकतीस वर्षं हेच केलं. टेप होत्या तेव्हा खिशात छोटी कात्री असायची, त्यावरून नाव पडलं. कात्री अजून खिशात होती, पण आता ती बिस्किटांचे पुडे उघडण्यापलीकडे काही करत नव्हती.

पाच वर्षांपूर्वी काकांच्या लक्षात आलं, की मनगटावरच्या घड्याळाचा गजर आपल्याला ऐकू येत नाही. घड्याळ बिघडलं म्हणून ते दुकानात घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला, वाजतंय की. काका घड्याळ परत बांधून मुकाट्याने घरी आले. मग एकेक कळत गेलं. निवेदिकेचा 'स' आणि 'श' सारखेच ऐकू यायला लागले होते. आवाजाचं वरचं टोकच कोणीतरी छाटून नेलं होतं. काकूंना त्यांनी सांगितलं नाही. "तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं," असं काकू पूर्वीपासून म्हणतच होत्या, त्यामुळे त्यांना फरक कळला नाही. ऑफिसात तर सांगायचा प्रश्नच नव्हता. आवाज कापणाऱ्याला आवाज ऐकू येत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून थोरली हवी होती. थोरली आवाजाचं रंगीत चित्र काढायची. खालचे आवाज खाली, वरचे वर. 'स' आला की नारिंगी धुरळा पार वरपर्यंत उडायचा, 'श' त्याच्या निम्म्यावर थांबायचा, श्वास फिकट निळा पसरायचा, आणि रिकामी जागा काळीभोर दिसायची. काका ते चित्र वाचायला शिकले. कानांनी गाळलेलं डोळ्यांनी उचलायला लागले, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा नीट कापायला लागले. धाकटीत ते चित्रच नव्हतं. ऐकायचं काम आता यंत्रच करतं, माणसाने कशाला बघायचं, असा तिचा तोरा. ती स्वतःच तपासायची आणि खाली हिरवी बरोबरची खूण टाकायची. खूण पडल्याशिवाय पुस्तक बाहेर पाठवायचं नाही, हा साहेबांचा नियम. म्हणून कापायचं थोरलीत आणि शिक्का घ्यायचा धाकटीकडून.

आणि मधे बाई होत्या. श्रवण तपासनीस हे त्यांचं पद. वय चौतीस, जन्मापासून अंध, आणि कान असे, की खालच्या मजल्यावर कोण जिना चढतंय ते वरून सांगतील. काकांनी कापलेलं प्रत्येक पुस्तक त्या सबंध ऐकायच्या आणि बारीक ठिपक्यांच्या ब्रेलमध्ये चुका टिपून घ्यायच्या. मग काकांना वाचून दाखवायच्या. "अकराव्या मिनिटाला 'स' टोचतोय, काका." काका दुरुस्त करायचे. असा संसार बरा चालला होता.

मग साहेबांनी हिशेब मांडला, की तपासायला धाकटी आहे तर बाई कशाला? बाईंना तळमजल्यावर टेलिफोनवर बसवलं. त्या दिवशी दुपारी काका नेमके चिठ्ठीच्या दोन नंबरावर होते. धाकटी बंद झाली होती, नावं बदलायची होती. तेवढ्यात बाई दारात आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ब्रेलची पाटी.

"निघते, काका. खुर्ची तेवढी खाली पोचवता का? खालच्या खुर्चीची पाठ मोडकी आहे म्हणतात."

काकांनी खुर्ची डोक्यावर घेतली आणि तीन मजले उतरले. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि डोळेही जरा ओले होते. त्यांनी बसल्या बसल्या थोरली उघडली. नावं बदलायची राहून गेली.

थोरलीला कपाटात धाकटीचा पसारा सापडला. त्यातलं तिला काही उमगेना, तेव्हा ती कारखान्यातून आली तशी कोरी उघडली. वरचे नको असलेले आवाज गाळणारी चाळणी बंद झाली. चित्राची उंचीही निम्मी झाली, म्हणजे वरचा अर्धा भाग चौकटीच्या बाहेर गेला आणि उरलेला अर्धा ताणून मोठा दिसायला लागला. काका खूश झाले. चित्र कसं मोठं आणि ठसठशीत दिसतंय! वर काळंभोर, एक डाग नाही. त्यांना वाटलं, नुकत्याच बसवलेल्या नवीन स्क्रीनची कमाल असेल. संध्याकाळी त्यांनी तेच कपाट थोरलीचं म्हणून खऱ्या कपाटाच्या जागी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ते चिठ्ठीतली तिन्ही कामं इमानेइतबारे करत राहिले, आणि दर वेळी तेच चुकीचं कपाट श्रद्धेने उघडत राहिले.

त्याच आठवड्यात आठवीचं विज्ञान सुरू झालं होतं. बेचाळीस तासांचं पुस्तक. निवेदिका आता कागदावरून न वाचता काचेच्या खोलीतल्या स्क्रीनवरून वाचायची, आणि त्या स्क्रीनच्या विजेच्या डबीतून एक बारीक शिट्टी सतत निघत होती. पन्नाशीच्या माणसाला ती ऐकू येणार नाही इतकी उंच. चाळणी चालू असती तर गाळली गेली असती. चित्र पूर्ण असतं तर दिसली असती. बाई असत्या तर पहिल्या मिनिटाला त्या किंचाळल्या असत्या. यातलं काहीच नव्हतं. धाकटीने हिरवी खूण टाकली आणि पुस्तक मुलांच्या तीनशे ऐकण्याच्या यंत्रांत भरून शाळांना गेलं.

वार्षिक परीक्षेच्या तोंडावर एका शाळेचं पत्र आलं. साहेबांनी ते काकांना वाचून दाखवलं. आठवीची मुले विज्ञानाचे पुस्तक ऐकण्यास टाळाटाळ करतात. पुस्तकात शिट्टी वाजते, डोके दुखते, अशी कारणे सांगतात. एक मुलगी पुस्तक चावते असे म्हणते. आम्हा शिक्षकांपैकी कोणालाही काही ऐकू येत नाही. मुलांना समज दिलेली आहेच, तरी एकदा तपासून कळवावे.

"पुस्तक चावतं!" साहेब हसले. "आमच्या वेळी हे सुचलं नाही बघा. पोटात दुखतं, एवढ्यावरच आमची मजल."

काकाही हसले. साहेबांनी हेडफोन लावून ऐकलं, त्यांना काही ऐकू आलं नाही. काकांनी ऐकलं, त्यांनाही नाही. काकांनी चित्र बघितलं, वर काळंभोर. मग त्यांनी लिहिलं, 'ध्वनिमुद्रण स्वतः ऐकून तपासले. कोणताही दोष नाही,' आणि खाली सही ठोकली.

दोन दिवसांनी, नवा धडा कापताना, त्यांची नजर चित्राच्या कडेच्या आकड्यावर गेली. आकडा निम्मा होता. 'स'चा धुरळा वरून सुरीने कापल्यासारखा सपाट होता, आणि गेले कित्येक महिने तो तसाच होता. त्यांनी आकडा ओढून वर नेला, चित्र आकसलं, आणि वरच्या काळ्यात एक पांढरी रेघ उमटली. केसाएवढी बारीक आणि सरळ. त्यांनी आठवीचं विज्ञान उघडलं. पहिला धडा, रेघ. सातवा धडा, रेघ. शेवटचा धडा, शेवटचा शब्द संपून निवेदिका गप्प झाली, तरी रेघ चालूच.

जेवणाच्या सुट्टीत ते फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तळमजल्यावर गेले. बाईंनी हेडफोन कानाला लावला आणि दुसऱ्या क्षणाला उपटून टेबलावर टाकला.

"हे काय आहे?"

"आठवीचं विज्ञान."

"किती तास?"

"बेचाळीस."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

बाईंनी कानाची पाळी चोळली. "तुम्हाला येत नाही ना ऐकू?" त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे, काका. चार-पाच वर्षं झाली. तुमचे 'स' मीच तर सांभाळत होते."

काकांना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं, की ते मटकन शेजारच्या मोडक्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी शाळेच्या पत्राचं सांगितलं. चावणाऱ्या पुस्तकाचं आणि स्वतःच्या सहीचंही.

बाई कडवट हसल्या. "मी सातवीत असताना वर्गातल्या ट्यूबलाइटचा आवाज यायचा मला. दिसत नाही तिला दिवा कसा त्रास देतो, म्हणून वर्गाच्या शिक्षिकेने बाकावर उभं केलं होतं. आठवडाभर. त्या पोरीला खोटारडी ठरवलंय, काका. तेही तुमच्या सहीने. नुसती सोडून देऊ नका."

काकांनी रात्रभर विचार वगैरे केला नाही. विचार केला तर पाय मागे येईल, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. ते तसेच जिना चढून साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"साहेब, आठवीच्या विज्ञानात शिट्टी आहे."

"तुम्हीच लिहून दिलंत ना, नाही म्हणून?"

"मला ती ऐकू येत नाही, साहेब. वरचं काहीच ऐकू येत नाही. पाच वर्षं झाली."

झालं. बोलून टाकलं. काका खाली बघत उभे राहिले. साहेबांनी चहाचा घोट घेतला.

"मग मला तरी कुठे येतं? वयं झाली आपली. त्यात काय एवढं?"

ज्या वाक्याला काका पाच वर्षं भीत होते, ते साहेबांनी चहाबरोबर गिळून टाकलं. "रेघ दाखवतो, चला," काका म्हणाले.

साहेब आले, वाटेत संगणकवाल्यालाही घेऊन आले. "आधी नव्या आवृत्तीत दाखवा," साहेब म्हणाले. काकांनी धाकटीत धडा उघडून वाजवला. हिरवी खूण. "आता जुनीत बघा," म्हणत काकांनी घाईघाईने थोरली उघडली, धाकटी बंद न करता आणि नावं न बदलता. एकतीस वर्षांत इतक्या घाईत त्यांनी काहीच केलं नव्हतं. थोरली पुन्हा कोरी उघडली. चित्र मोठं, ठसठशीत, वर काळंभोर. साहेबांनी वाकून बघितलं.

"कुठाय?"

"थांबा, आकडा ओढायचाय..." काकांनी आकड्याला हात लावला, आणि आवाजाच्या एकाच कार्डावर दोघींची ओढाताण सुरू होऊन संगणक गोठला. बाण हलेना. काका कळा दाबत राहिले.

"सांगितलं होतं," संगणकवाला म्हणाला. "दोन ठेवल्या की हे होणारच. आणि शिट्टीबिट्टी मला तरी ऐकू आली नाही बुवा."

काकांनी बाईंना वर बोलावलं. त्या काठी टेकत आल्या आणि सरळ सांगितलं, "आवाज आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमची इथली जागा गेली, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. मी समजू शकतो."

बाई वळल्या आणि काठीने दाराची चौकट शोधत निघून गेल्या. साहेबांनी समजावलं, की उत्तर गेलेलं आहे, तीनशे यंत्रं वाटून झालेली आहेत, ज्या आवाजाला ना माणसाचा दाखला ना यंत्राचा, त्यासाठी ती परत कोण मागवणार? मग त्यांनी संगणकवाल्याला खूण केली. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा थोरली गेलेली होती. दोन मिनिटांचंही काम नव्हतं. तिच्यात साठवलेली कामं धाकटीला उघडताही येईनात.

"नवीत वरचं गाळलं जातं ना?" काकांनी संगणकवाल्याला विचारलं.

"सगळं आपोआप, काका. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

नववीचं विज्ञान काकांनी पूर्णपणे धाकटीत केलं. पहिला धडा घेऊन ते एकदा खाली गेले होते. बाई फोनवर होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "माझं काम आता ऐकायचं नाही, काका. जोडून द्यायचं आहे." काकांनी पेनड्राइव्ह खिशात ठेवला. आंधळ्यासारखं काम करणं म्हणजे काय, ते त्यांना आता कळत होतं. प्रत्येक धड्याखाली हिरवी खूण पडत गेली, आणि दुसरं धरायला काही नसल्यामुळे त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

निकालाची बातमी बाईंनीच दिली. त्या शाळेचा कशासाठी तरी फोन आला होता, बाईंनी आपणहून विचारलं. एकोणीसपैकी सात मुलं विज्ञानात नापास. चावतं म्हणणारी मुलगी त्यांत होती.

"तुमची पाटी आहे का इथे?" काकांनी विचारलं.

बाईंनी खणातून ब्रेलची पाटी, जाड कागद आणि टोचणी काढली. मुलांना पाठवायचं ते ध्वनिमुद्रण करून पाठवायची काकांची हिंमत नव्हती. त्यांनी सांगितलं आणि बाईंनी एकेक ठिपका टोचला. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शिट्टी होती. ती माझ्या चुकीने राहिली. मला ती ऐकू येत नाही, म्हणून दोष नाही असं मी लिहिलं. तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा.

"खाली काय घालू?"

"पूर्ण नाव घाला. आणि पद."

बाईंनी नाव टोचलं, कागद पाटीतून काढून बोटांनी एकदा वाचून बघितला आणि पाकिटात घातला. पाकिटावर काकांनी शाळेचा पत्ता आणि 'विद्यार्थ्यांसाठी' असं लिहिलं. स्वतःच्या हाताने पेटीत टाकून आले.

दोन महिने काही आलं नाही. शाळा सुरू झाल्या, नववीचं विज्ञान यंत्रांत भरून गेलं, काकांनी दहावीचं हातात घेतलं. मग एका सकाळी बाईंनी आतल्या फोनवर बोलावलं. काका जवळजवळ धावतच उतरले. टेबलावर जाड कागदाची एक चतकोर घडी होती, कोरी दिसणारी, नुसते उंचवटे.

"वाचा," काका म्हणाले.

बाईंनी बोट फिरवलं. "'काका, तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. शिट्टी आहे हे आम्हाला माहीतच होतं.'" त्या थांबल्या आणि पुढच्या ओळीवर गेल्या. "'मी परत आठवीत आहे. पुस्तक तेच आहे. नववीतल्या मैत्रिणी म्हणतात, त्यांचं पण चावतं.'"

बोट कागदाच्या टोकाला पोचलं. पुढे काही नव्हतं.

"नववीचं कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मीच."

बाईंनी घडी घातली आणि त्यांच्या दिशेने सरकवली. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण टेलिफोन वाजला. "ध्वनिपुस्तक विभाग, बोला," त्या म्हणाल्या.

काका तीन मजले चढून वर आले. काचेच्या खोलीत निवेदिका स्क्रीनसमोर बसून दहावीचा दुसरा धडा वाचत होती. काकांनी खुर्ची ओढली आणि घडी शर्टाच्या खिशात कात्रीशेजारी ठेवली. समोर धाकटीचा पहिला धडा तपासून झाला होता. खाली हिरवी खूण होती.